समाजसेवा कक्षातील सही
(संस्थेच्या वर्धापनदिन समारंभात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या दिवशी मी आपणासमोर जमाखर्चाचा गोषवारा मांडतो. यंदाचा ताळेबंद या अहवालात स्वतंत्रपणे छापला आहे व माननीय कोषाध्यक्ष त्यावर बोलणारच आहेत. म्हणून आज मी एका वेगळ्या विषयासाठी आपला वेळ मागतो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. या रुग्णालयात आलो तो हिशेबनीस म्हणून, आणि कागद हाती आला की प्रथम त्याच्या तळाशी असलेली सही पाहण्याची सवय अजून गेलेली नाही. आजचा विषयही एका सहीचाच आहे.

रुग्णालयात दिवसभर सह्या होत असतात. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांची सही असते आणि तिच्याखाली वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. औषध देणाऱ्या फार्मासिस्टची नोंद १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली झालेली असते. परिचारिकांसाठी १९४७ च्या कायद्याने केंद्रीय परिषद स्थापन झाली, राज्याची परिषद निराळी. आमच्या ताळेबंदावर सही करणारे सनदी लेखापाल १९४९ च्या कायद्याने बांधलेले आहेत. या प्रत्येक सहीमागे एक क्रमांक आहे. त्या क्रमांकाचा अर्थ असा की, या व्यक्तीचे शिक्षण आमच्याखेरीज अन्य कोणीतरी तपासले आहे, तिच्याविरुद्ध तक्रार करण्यास रुग्णालयाबाहेर एक दार आहे, आणि प्रसंगी तिचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते.

या सर्व सह्यांच्या जोडीने समाजसेवा कक्षात आणखी एक सही होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना मंजूर केली, ती येथील बहुतेकांना ठाऊक आहे. धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या, व एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची. आरंभी उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला पंचवीस हजार व दुर्बल घटकांसाठी पन्नास हजार रुपये होती, ती पुढे वाढवली गेली. रुग्ण या मर्यादेत बसतो की नाही, हे तहसीलदारांचा दाखला अथवा शिधापत्रिका पाहून ठरवण्याचे काम योजनेने रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे सोपवले. देणगीदारहो, आपण दिलेला पैसा कोणाच्या उपचारास लागावा हे प्रत्यक्षात ती सही ठरवते. कित्येक वर्षे त्या सहीमागे कोणताही क्रमांक नव्हता.

यावर एखाद्यास वाटेल की कागद पाहून शिक्का मारावयाचा, त्यासाठी इतका विचार कशाला? मलाही पूर्वी तसेच वाटे. मग एकदा लेखापरीक्षणाच्या निमित्ताने मी आठवडाभर समाजसेवा कक्षात बसलो. पहिल्याच दिवशी एक विधवा बाई मुलाला घेऊन आली. मुलाच्या हृदयाच्या झडपेचे दुखणे होते. शिधापत्रिका केशरी, सासऱ्यांच्या नावे, आणि उताऱ्यावर चार एकर जमीन. कागदाप्रमाणे ती निर्धन नव्हती. आमच्या ताईंनी तिला पाणी दिले, मुलाला बाहेर मावशींजवळ बसवले आणि सुमारे पाऊण तास नुसते बोलू दिले. त्यातून कळले की नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिला घराबाहेर काढले होते. गेले दोन हंगाम ती भावाबरोबर ऊसतोडीला जात होती आणि स्वतःच्या नावाने तिच्यापाशी आधारकार्डाखेरीज एक कागद नव्हता. ताईंनी त्याच दिवशी तलाठ्यांना फोन केला, ग्रामसेवकांना पत्र दिले, आणि दाखला येईपर्यंत उपचार थांबू नयेत अशी टिपणी केसपेपरवर लिहिली. त्याच आठवड्यात पिवळी शिधापत्रिका घेऊन आलेल्या एका गृहस्थांची गाडी फाटकाबाहेर उभी होती. त्यांना नाही म्हणताना ताईंचा आवाज जराही चढला नाही. त्यांच्या वतीने नंतर मला तीन फोन आले, तो भाग वेगळा.

पात्रता ठरवणे हा या कामाचा दिसणारा भाग झाला. पाय कापावा लागणार आहे हे शेतकऱ्याला सांगितल्यानंतरचे दोन दिवस त्याच्याजवळ कोण बसते? आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यावयाचे तर एस.टी.चे वेळापत्रक, सोबतीचे माणूस आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ कोण घालते? बाळंतपणानंतर काही दिवसांनी बोलेनाशा झालेल्या मुलीच्या आईला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास कोण राजी करते? रुग्णाचे मन, घर आणि उपजीविका यांची तपासणी करून उपचाराला हातभार लावणाऱ्या या शाखेला क्लिनिकल सोशल वर्क, म्हणजे उपचारात्मक समाजकार्य, असे म्हणतात. शस्त्रक्रियेत सुरी चुकली तर रक्त दिसते. येथे शब्द चुकला तर लगेच काहीच दिसत नाही, आणि याच कारणाने मला पुढील प्रसंग सांगावासा वाटतो. तो याच रुग्णालयातील आहे आणि त्यातील चूक माझी आहे.

२०१० साली प्रशासकपदाची सूत्रे हाती घेऊन मला फार काळ झाला नव्हता. योजनेमुळे समाजसेवा कक्षातील काम वाढले होते, म्हणून दुसरे पद भरण्याचे ठरले. मी एका तरुणाची निवड केली. वागणे नम्र, अक्षर सुरेख, संगणक येत होता. कला शाखेची पदवी आणि समुपदेशनाचे काही महिन्यांचे खासगी प्रमाणपत्र एवढे त्याचे शिक्षण. मुलाखतीला एम.एस.डब्ल्यू. झालेली एक मुलगीही आली होती. तिच्यापेक्षा तो कमी वेतनात यावयास तयार होता. ही शेवटची बाब मला सर्वांत अधिक पटली, हे आज या व्यासपीठावरून मान्य करतो.

त्या पावसाळ्यात पिकावर फवारण्याचे औषध पोटात गेलेली एक विवाहित तरुणी दाखल झाली. आमच्या भागाला असे रुग्ण नवीन नाहीत. पोलिसांत रीतसर नोंद झाली आणि जबाबात ‘पाणी समजून चुकून प्यायले’ असे लिहिले गेले. अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात आल्यावर तिने या तरुणाजवळ मन मोकळे केले. ती चूक नव्हती असे सांगितले, घरात काय चालले होते तेही सांगितले. माझ्या घरच्यांना हे कळू देऊ नका, माहेरी तेवढा निरोप पोचवा, अशी तिची विनवणी होती. त्याने त्याच संध्याकाळी पती आणि सासू-सासरे यांना कक्षात बोलावले, तिलाही चाकाच्या खुर्चीतून आणवले, आणि तिची सारी हकिगत तिच्यादेखत त्यांना ऐकवून ‘झाले गेले विसरून जा’ म्हणून सर्वांना हात जोडावयास लावले. दुसऱ्या दिवशी समेट घडवून आणल्याचे त्याने मला अभिमानाने सांगितले. मी त्याची पाठ थोपटली.

ती पुन्हा कोणाशी बोलली नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी घरच्यांनी तिला वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेले. आम्ही ज्याला डामा म्हणतो त्या कागदावर पतीची सही आणि तिचा अंगठा आहे. पुढे फाईल चाळताना माझ्या लक्षात आले की, आधीच्या एका संमतिपत्रावर तिची स्वतःच्या स्वच्छ अक्षरातली सही होती. फेरतपासणीला ती आली नाही. दिलेल्या पत्त्यावर पाठवलेले पत्र परत आले. तिचे पुढे काय झाले हे मला ठाऊक नाही.

त्या वॉर्डाचे ज्येष्ठ डॉक्टर आठवड्याने माझ्या दालनात आले. बसले नाहीत. म्हणाले, “साहेब, असे काही माझ्या हातून घडले असते तर तुम्ही मला परिषदेपुढे उभे केले असते. याची तक्रार कोठे करणार?” मी शोध घेतला. वैद्यक परिषदेचा त्याच्याशी संबंध नव्हता, परिचारिका परिषदेचाही नव्हता. पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंद १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली होत असे, पण रुग्णालयातील सर्वसाधारण समाजसेवक त्यात येत नव्हता. आमच्या हाती फक्त सेवानियम होते, आणि वेळेवर येणाऱ्या, पैशाला हात न लावणाऱ्या नोकराविरुद्ध सेवानियमांत कलम सापडेना. अखेर आम्ही त्याचा राजीनामा घेतला. दोनेक महिन्यांनी एका अन्य रुग्णालयातून विचारणा झाली की हे गृहस्थ कसे आहेत. मी म्हणालो, वर्तणूक चांगली होती. शब्दशः ते खोटे नव्हते.

तो तरुण वाईट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अशा रुग्णाशी एकटीने बोलावयाचे असते, पुन्हा तसाच प्रयत्न होण्याचा धोका आहे का हे विचारावयाचे असते, तिच्या संमतीवाचून तिचे शब्द दुसऱ्या कानी घालावयाचे नसतात, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावयाचे असते, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा तेव्हा अमलात येऊन चार वर्षे होत आली होती आणि त्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. हे त्याला माहीत नव्हते. मलाही नव्हते. ज्याला शिकवले नाही त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? पण मग ‘शिकलेला’ कोण, हे ठरवावयाचे कोणी?

या कामाचा इतिहास लहान नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली. फुकट उपचार घेणाऱ्यांपैकी खरे गरजू कोण हे पाहणे, हे त्यांचे पहिले काम. म्हणजे आपल्या निर्धन रुग्ण कक्षाचे काम सव्वाशे वर्षांहून जुने आहे! अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेवा विभाग सुरू केला. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ साली भोर समितीने रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेवक असावेत अशी शिफारस केली आणि त्याच वर्षी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात देशातील पहिली अशी नेमणूक झाली. पुढे निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था यांच्यामुळे शिक्षणाची सोय महाराष्ट्रात तरी अपुरी राहिली नाही. शिक्षण आले, पदे आली. नोंदवही तेवढी आली नाही.

याला एक कारण आपल्या भाषेतही आहे, असे मला वाटते. डॉक्टर म्हटले की पदवी डोळ्यांसमोर येते. समाजसेवक म्हटले की चौकातला फ्लेक्स येतो. वाढदिवसाच्या फलकावर ज्यांच्या नावामागे ‘समाजसेवक’ लागलेले नाही असा पुढारी दुर्मीळ. दोन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेऊन, वॉर्डात उमेदवारी करून आलेल्या आमच्या ताईंचे आणि त्या फलकावरील गृहस्थांचे पदनाम एकच! तज्ज्ञ मंडळी म्हणून ‘व्यावसायिक समाजकार्य’ असा शब्द वापरतात, तर आपल्यापैकी एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला प्रेमाने विचारले होते की, सेवेचाही आता धंदा करावयाचा का? त्यांचा रोष मी समजू शकतो. परंतु डॉक्टरी हाही व्यवसायच आहे आणि तिला नियम लावले म्हणून तिच्यातली सेवा आटली, असे आपण म्हणत नाही.

इतर देशांनी हे पदनाम कायद्याने राखून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणी नसलेल्या व्यक्तीला स्वतःस सोशल वर्कर म्हणवून घेता येत नाही. डिसेंबर २०१९ पासून तेथे या एकाच व्यवसायासाठी ‘सोशल वर्क इंग्लंड’ ही नियामक संस्था काम करते आणि कोणाही नागरिकाला तिची नोंदवही पाहता येते. अमेरिकेत हा विषय राज्यांकडे आहे. तेथे उपचारात्मक समाजकार्य स्वतंत्रपणे करावयाचे तर पदव्युत्तर पदवी, त्यानंतर सर्वसाधारणपणे दोनेक वर्षे अनुभवी व्यक्तीच्या पर्यवेक्षणाखाली काम, आणि परीक्षा, असा क्रम असतो. मला त्यातली परीक्षा तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. पर्यवेक्षण महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे आर्टिकलशिप केल्याखेरीज कोणी सनदी लेखापाल होत नाही, तसेच ते आहे.

आपल्या देशात प्रथम पाऊल पडले ते मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या समाजसेवकाची व्याख्या केली. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम, ही त्याची पात्रता. अशा व्यक्तींची राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी व्हावी, असेही त्यात आहे. गंमत अशी की, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली, आणि मग या अभ्यासक्रमाला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुभा द्यावी लागली. एका हाताने मागितलेले प्रमाणपत्र दुसऱ्या हाताने बंद करण्याची ही रीत आम्हा प्रशासकांच्या परिचयाची आहे.

अधिक व्यापक कायदा २०२१ साली झाला. नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अ‍ॅक्ट, असे त्याचे लांबलचक नाव. २५ मे २०२१ पासून तो अमलात आला. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ अशा अनेक व्यवसायांबरोबर त्याच्या अनुसूचीत सामाजिक कार्यकर्त्यांचाही उल्लेख आहे, आणि त्यात उपचारात्मक, मनोरुग्ण व वैद्यकीय या तिन्ही शाखा नावानिशी आहेत. शिक्षणाचा किमान दर्जा, केंद्रीय व राज्य नोंदवही, व्यावसायिक आचारसंहिता, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव कमी करण्याचा अधिकार, हे सर्व त्यात आले. २०१० साली त्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाला कागदावर तरी उत्तर मिळाले. कागदावर म्हणतो, कारण राज्य परिषदा स्थापन करण्यास कायद्याने दिलेली सहा महिन्यांची मुदत बहुतेक ठिकाणी उलटून गेली. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत अंमलबजावणी करा असे केंद्र व राज्यांना सांगावे लागले.

विश्वस्त मंडळात या विषयाची चर्चा झाली तेव्हा एका सदस्यांनी विचारले की, अग्निशमन, जैववैद्यकीय कचरा, सोनोग्राफी, लिफ्ट, रक्तपेढी इतके परवाने आपण सांभाळतो, त्यात आणखी एका परिषदेची भर कशासाठी? परवान्यांच्या फायली माझ्याच कपाटात असतात, त्यामुळे या प्रश्नातला वैताग मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. नोंदणी क्रमांकाने माणूस दयाळू होत नाही, हेही खरे. क्रमांक असलेले निष्काळजी डॉक्टर आपण सर्वांनी पाहिले आहेत आणि परिषदांपुढील तक्रारी वर्षानुवर्षे रेंगाळतात. तरीही त्या रेंगाळतात कारण त्या दाखल करता येतात. त्या तरुणीच्या माहेरचे कोणी आले असते आणि ‘आम्ही दाद कोठे मागावी’ म्हणाले असते, तर माझ्यापाशी त्यांना देण्यासाठी एक पत्तासुद्धा नव्हता.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. आमच्या समाजसेवा कक्षातील ज्येष्ठ मावशी, ज्यांच्या हाताखाली नंतर आलेल्या ताई तयार झाल्या, त्यांचे शिक्षण बी.ए.पर्यंतचे. या जिल्ह्यातील तलाठी, तहसील कार्यालय, साखर कारखान्यांचे कल्याण विभाग आणि मुंबईच्या रुग्णालयांतील धर्मादाय कक्ष त्यांना तोंडपाठ आहेत. नियम काटेकोरपणे लावला तर ज्यांना सर्वांत अधिक येते त्यांचेच नाव नोंदवहीत नसेल. मी हे त्यांच्याशी बोललो. त्या म्हणाल्या, “साहेब, माझं नाव नाही लागलं तर मी टेबल बदलीन. पण नव्या मुलीला माझ्या जागी बसवू नका, शेजारी बसवा.” मी तसे करणार आहे. निवृत्तीपर्यंत त्यांचे पद व वेतन अबाधित राहील. समुपदेशनाच्या व पात्रतेच्या कागदांवर सही मात्र पात्र व्यक्तीची असेल. मावशींना ते मनातून लागले असणार. त्यांनी दाखवले नाही.

आता माझ्याकडील आणखी एक बाब. काही वर्षांपूर्वी थकबाकीदार रुग्णांची यादी बिलिंग विभागातून समाजसेवा कक्षाकडे पाठवण्याची पद्धत मी सुरू केली. ताईंचे बोलणे गोड, नातेवाईक त्यांचे ऐकतात, वसुली बरी होते, असा माझा हिशेब होता. वसुली खरोखरच बरी झाली. मात्र सकाळी ज्या बाईजवळ रुग्णाने घरातले दुःख सांगितले तीच दुपारी पैसे मागावयास आली, तर तिसऱ्या दिवशी तो तिला काय सांगेल? ताईंनी मला हे दोनदा लेखी कळवले होते. दोन्ही टिपणींवर माझा ‘पाहिले’ एवढाच शेरा आहे. रुग्णालयाची नोकर म्हणून तिने माझे ऐकावे की व्यावसायिक म्हणून रुग्णाचे हित पाहावे, या पेचात तिला आधार देणारी बाहेरची आचारसंहिता नव्हती. सनदी लेखापालांना मी चुकीची नोंद करावयास सांगितली तर ते आपल्या संस्थेच्या नियमांकडे बोट दाखवून नकार देतात. असा नकार देण्याचे बळ ताईंनाही असावयास हवे, आणि ते माझ्यासारख्या प्रशासकाला गैरसोयीचे होईल हे समजूनच मी हे म्हणतो आहे.

ही यादी पाठवणे गेल्या महिन्यापासून बंद केले आहे. समाजसेवा कक्ष लेखा विभागाच्या अखत्यारीतून काढून वैद्यकीय अधीक्षकांकडे दिला आहे. विश्वस्त मंडळापुढील प्रस्ताव असा की, यापुढे या कक्षातील समुपदेशन व पात्रतेच्या पदांवर वैद्यकीय अथवा मनोरुग्ण समाजकार्याचा अभ्यास केलेल्या एम.एस.डब्ल्यू. उमेदवाराचीच नेमणूक व्हावी, राज्य परिषदेकडील त्यांच्या नोंदणीचे शुल्क संस्थेने भरावे, आणि समाजकार्य महाविद्यालयातील एका अनुभवी अध्यापकांनी पंधरा दिवसांतून एकदा येऊन त्यांच्या कामाचे पर्यवेक्षण करावे. त्या अध्यापकांपुढे मी बसणार नाही, हेही प्रस्तावात लिहिले आहे. रुग्णांनी सांगितलेल्या गोष्टींच्या नोंदी केसपेपरपासून वेगळ्या, कुलूपबंद कपाटात राहतील. किल्ली कक्षाकडे असेल, माझ्याकडे नव्हे. सध्या कक्ष बिलिंग काउंटरला लागून आहे आणि मध्ये प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे डिपॉझिट भरणाऱ्यांना अलीकडचे रडणे ऐकू येते. जुनी भांडारखोली रिकामी करून तेथे दार लागणारी खोली व्हावी, यासाठी खर्चाचे अंदाजपत्रक तयार आहे.

देणगीदारांना एक विनंती. आपण खाट दिली तर तिच्यावर नावाची पाटी लागते, यंत्र दिले तर यंत्रावर लागते. समाजसेवकाच्या वेतनावर पाटी लावण्याची सोय नाही. तरीही दुसऱ्या पदाच्या तीन वर्षांच्या वेतनासाठी स्वतंत्र निधी उभारावा असा मानस आहे, कारण निर्धन रुग्ण निधीतून हा खर्च करणे मला योग्य वाटत नाही. तो पैसा रुग्णांच्या उपचाराचा आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी इतकेच सांगतो की, समाजसेवा कक्षाच्या दाराशी एक फलक लागणार आहे. आत बसणाऱ्या व्यक्तीचे नाव, शिक्षण, नोंदणी झाली असल्यास क्रमांक आणि तक्रार कोठे करावी याचा पत्ता त्यावर असेल. नोंदणी होईपर्यंत क्रमांकाची जागा कोरी राहील. फलकाचा मसुदा मावशींनीच लिहून दिला आहे.

हा प्रस्ताव आजच्या सभेच्या विषयपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर आहे. आक्षेप अथवा सूचना असल्यास सभेनंतर माझ्या दालनात याव्यात. समाजसेवा कक्षात कृपया जाऊ नये. त्या वेळी तेथे रुग्ण असतात.